खोली

उद्या अकराला, कास्त्रोत, वकीलबाईंकडे.
पहिला अर्धा तास फुकट असतो, यास्ना म्हणाली,
तेव्हा घोळ घालायचा नाही.
आधी तारखा. रडणं घरी आल्यावर.
पोटची पोर, पण बोलते सरकारी खिडकीसारखी.

बिस्किटांचा डबा टेबलावर उपडा केलाय.
पगाराच्या पावत्या सतरा. अठरावी उंदरांनी खाल्ली.
दवाखान्याचा कागद, त्यात एलादियोचं आडनाव
दोनदा चुकलंय, दोन वेगळ्या तऱ्हांनी.
कंपनीचं पत्र: ‘सहानुभूती’ तीनदा,
‘भरपाई’ शोधूनही नाही.
एक फोटो, सामनच्या पिंजऱ्याच्या कडेवर तो उभा.
उभा आहे, एवढंच दाखवायचं त्यात.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
त्याला तर बसचीही चढता येत नाही.
म्हणून मी एकटीच.

संध्याकाळी बटाटे सोलताना सराव केला.
“बाई, माझा नवरा पाणबुड्या…”
आहे म्हणू की होता?
तो चुलीपाशी बसून ऐकत होता,
गुडघ्यांवर घोंगडी, आणि घोंगडीवर
दोन हात, दुसऱ्या कुणाचे ठेवायला दिल्यासारखे.
“मेलेले मासे गोळा करायला खाली जायचा, बाई,
जाळ्याच्या तळाशी. एक दिवस वर आला
आणि पाय खालीच राहिले.”
हे वाक्य यास्नानं खोडलं.
म्हणाली, असं बोललीस तर तिला वाटेल कापले.

मग डब्याच्या तळातून ती वही निघाली.
हिरवा पुठ्ठा, मिठानं फुगलेली पानं.
तारीख. वेळ. खोली. सही.
रोज रात्री तो सांगायचा, मी लिहायचे,
कारण गारठलेल्या बोटांत पेन थांबत नसे.
“किती?”
“वीस लिही.”
परवाना विसापर्यंतचाच होता.
खरी खोली मला तो सूप किती वेळ
न बोलता पितो त्यावरून कळायची.
तीस. चौतीस. एकदा, ईस्टरच्या आदल्या दिवशी,
वाटी तशीच राहिली, साय धरेपर्यंत.
त्या दिवशीही वीस.
चार वर्षं, पानामागून पान, वीस वीस वीस,
माझ्या अक्षरात,
ज्याला शाळेत बाई सगळ्यांना दाखवायच्या.

वैद्य आणि वकील, दोघांपासून लपवू नये काही.
हे सांगताना यास्नानं वही पाहिली नव्हती.

चूल पेटलेली. वही काही फार जाड नाही.
एलादियो माझ्याकडे बघत नव्हता,
चुलीच्या लोखंडी दाराकडे बघत होता,
आणि मला समजलं, त्याचंही मोजून झालंय.
किती वेळानं कोण जाणे, म्हणाला,
“फोरमन म्हणायचा, वीस.”
इतकी वर्षं ते वाक्य मी लिहीत आले,
कर्ता आज कळला.

“मग बोलला का नाहीस?”
“तू विचारायचीस, किती.
कोण, असं कधी विचारलंस?”
मी भांडले असते. पण बटाटे करपत होते.

आता रात्रीचे बारा. यास्नानं लावून दिलेला क्रम
बाजूला ठेवलाय. नव्या कागदावर पहिली ओळ लिहिली:
अक्षर माझं आहे.
दुसरी सुचत नाही अजून.
वही पिशवीत, पावत्यांच्या वर, लोकरीच्या टोपीत गुंडाळून;
का गुंडाळली, विचारू नका.

वकीलबाईंची खोली वरच्या मजल्यावर आहे म्हणे.
किती पायऱ्या, यास्नाला ठाऊक नाही.
उद्या मोजून येईन.
तो विचारेलच रात्री, किती,
पुढं कधी त्यालाही यावं लागेल म्हणून.
जेवढ्या असतील तेवढ्या सांगीन.